डीएनए कापला म्हणून काय बिघडतं?

मराठवाड्यात बियाण्यावरून होणारे वाद नवे नाहीत. बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हा वाद झाला, २०१० मध्ये बीटी वांगं अडवलं गेलं तेव्हाही झाला. आता 'जीनोम संपादित' वाणांची पाळी आहे, म्हणजे पिकाच्या जीनोममध्ये (त्याच्या सगळ्या डीएनएमध्ये) ठरलेल्या जागी काप देऊन बदल केलेल्या वाणांची. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दिल्लीत भाताचे असे दोन वाण जाहीर केले. एक हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा 'कमला', दुसरा दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा डीएसटी राइस १'. भात हे काही आपलं पीक नव्हे. पण भातात जमलं ते उद्या तुरीत, सोयाबीनमध्ये, हरभऱ्यात करून पाहिलं जाणारच, आणि मग प्रश्न थेट बदनापूरच्या, परभणीच्या, लातूरच्या शिवारात येऊन उभा राहील.

आजवर त्यावर जे बोललं जातंय ते दोन टोकांचं आहे. एका बाजूला, 'प्रयोगशाळेत डीएनए कापला, म्हणजे निसर्गाशी खेळ झाला, हे बियाणं शिवारात नकोच.' दुसऱ्या बाजूला, 'यात परकं जनुक घातलेलंच नाही, मग तपासण्या कसल्या मागता? शेतकऱ्याला तंत्रज्ञान घेऊ द्या.' दुसऱ्या बाजूचा वैताग मला समजतो. शेजारच्या अकोला जिल्ह्यात जून २०१९ मध्ये शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बियाणं जाहीरपणे पेरलं, ते काही हौस म्हणून नव्हे. निंदणीला माणूस मिळत नाही हे त्यामागचं कारण होतं. तरीही दोन्ही बाजूंचं लक्ष एकाच जागी अडकलंय असं मला वाटतं, ते म्हणजे कापण्यावर. पेशीचं काम कसं चालतं हे जरा जवळून पाहिलं, तर कापणं ही त्यातली सगळ्यात मामुली गोष्ट ठरते.

डीएनए निसर्गातही सतत कापला जातो. माणसाची एक पेशी दुभंगण्याआधी तिच्या डीएनएची प्रत तयार होते, तेव्हा एका बाजूची प्रत तुकड्यातुकड्यांनी बनते. असे तुकडे सुमारे पाच कोटी. प्रत्येक तुकड्याच्या टोकाला लोंबणारं शेपूट कापून मगच तो पुढच्याला जोडला जातो, आणि हे काम फेन-१ नावाचं विकर (एन्झाइम) करतं. डीएनएला पडलेला पीळ सोडवायला टोपोआयसोमरेज-२ हे विकर दोन्ही धागे तोडतं, मधून डीएनएचा दुसरा भाग पार करतं आणि तोडलेलं पुन्हा जोडतं. तुरीच्या फुलात परागकण तयार होतात तेव्हा तर पेशी स्वतःहून, ठरवून, आपल्या गुणसूत्रांवर अनेक ठिकाणी आरपार घाव घालते. त्या घावांमुळेच आईबापाकडून आलेल्या गुणांची सरमिसळ होते. पैदासकार दोन वाणांचा संकर करून पुढच्या पिढीत निवड करतो, ती या सरमिसळीच्या जोरावरच. परभणीच्या विद्यापीठातली 'परभणी क्रांती' भेंडी रानटी भेंडीशी संकर करून तयार झाली, केवडा या रोगाला तोंड देणारी. तिच्याही मागे कापलेले आणि सांधलेले धागे आहेत.

मग इतकं कापलं जात असूनही जीनोम शाबूत कसा राहतो? इथं खरी गंमत आहे, आणि धोरणाचा प्रश्नही इथंच दडलेला आहे.

१९६४ मध्ये रॉबिन हॉलिडे या ब्रिटिश शास्त्रज्ञानं एक कल्पना मांडली. (त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. योगायोगच, पण बियाण्याच्या या गावाला शोभणारा.) हॉलिडे म्हणाला की दोन डीएनए एकमेकांशी देवाणघेवाण करतात तेव्हा त्यांचे धागे एकमेकांत गुंततात आणि चार हातांचा एक चौक तयार होतो. तुटलेला डीएनए शेजारच्या सारख्या प्रतीवरून बघून दुरुस्त करतानाही असाच चौक पडू शकतो. दुरुस्ती झाली तरी चौक सुटला नाही, तर पेशी दुभंगताना गुणसूत्रं एकमेकांना अडकून राहतात, ताणली जातात, तुटतात. म्हणजे तो चौक कापावाच लागतो. पण कसा? समोरासमोरच्या दोन धाग्यांवर, अगदी नेमक्या जागी, दोन समान काप. एक काप इकडे, दुसरा डीएनएची चार अक्षरं पलीकडे, असं झालं की जोडताना घोळ.

माणसाच्या पेशीत हे काम करणाऱ्या विकरांपैकी एक आहे जेन-१. त्याची ओळख २००८ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीफन वेस्ट यांच्या प्रयोगशाळेत पटली. हे विकर म्हणजे एक सलग गोळा नव्हे. त्याची साखळी वेगवेगळ्या भागांत घडी घालून बसलेली असते, आणि प्रत्येक भागाला आपला आकार, आपलं काम असतं. या भागांना डोमेन म्हणतात. एक डोमेन प्रत्यक्ष कापतं. फेन-१ मध्येही जवळपास तसंच डोमेन आहे, कारण दोन्ही एकाच कुळातली. मग फेन-१ शेपटं कापतं आणि जेन-१ चौक कापतं, हा फरक कुठून आला? २०१५ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी जेन-१ आणि चौक यांची एकत्र रचना उलगडली, तेव्हा त्यात एक अनपेक्षित भाग सापडला: क्रोमोडोमेन. एरवी हा भाग डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा वाचण्यासाठी ओळखला जातो. इथं मात्र तो थेट डीएनएला धरून बसला होता. तो काढून टाकला की जेन-१ ची कापण्याची ताकद चांगलीच घटते, कापणारं डोमेन जसंच्या तसं असूनही. नांगराचा फाळ कितीही पाजळलेला असो, रुमण्यावर हात नसेल तर तास धड लागत नाही, तसंच काहीसं. शिवाय जेन-१ एकटंच फिरतं आणि चौकावर आल्यावरच जोडीनं बसतं, त्यामुळे दोन्ही काप एकाच बैठकीत होतात. अर्धवट कापलेला चौक मागे राहत नाही.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे वेळ. जेन-१ च्या साखळीत एक छोटा संकेत असतो, तो या विकराला पेशीकेंद्राच्या बाहेर ठेवतो. पेशी दुभंगायला लागते, केंद्राचं आवरण विरघळतं, तेव्हाच त्याला गुणसूत्रांपर्यंत वाट मिळते. तोवर चौक सोडवण्याचं काम दुसऱ्या, न कापता धागे उलगडणाऱ्या प्रथिनांच्या गटाकडे असतं. उरलेसुरले चौक तेवढे जेन-१ च्या वाट्याला. २०१४ मध्ये वेस्ट यांच्याच प्रयोगशाळेनं जेन-१ ला मुद्दाम सगळा वेळ केंद्रात राहायला लावून पाहिलं, तर गुणसूत्रांमधली नको ती अदलाबदल वाढली. धागे उलगडणाऱ्या त्या गटातलं एक प्रथिन जन्मतःच नीट नसेल तर ब्लूम सिंड्रोम हा दुर्मीळ आजार होतो, त्यातही अशीच अदलाबदल वाढलेली असते आणि कर्करोग लहान वयात गाठतो. कापण्याची क्षमता सगळीकडे सारखीच. घात करतं ते अवेळी आणि अनावर कापणं. जीनोमचं स्थैर्य म्हणतात ते या कापणाऱ्या डोमेनाभोवती बसवलेल्या इतर भागांवर तोललेलं असतं: ओळखणारे, धरणारे, बाहेर रोखून ठेवणारे.

आता माणसानं बनवलेल्या साधनांकडे येऊ. यातली पहिली मोठी झेप एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या नावावर आहे, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या श्रीनिवासन चंद्रसेगरन यांच्या गटानं १९९२ मध्ये दाखवलं की फॉक-१ या जिवाणूच्या विकरात ओळखणारं डोमेन वेगळं आणि कापणारं वेगळं आहे, आणि दोन्ही सुटी करता येतात. १९९६ मध्ये त्यांनी कापणाऱ्या डोमेनाला दुसरंच ओळखणारं डोमेन जोडलं, आणि हव्या त्या जागी डीएनए कापणारं विकर बनवता येतं हे सिद्ध झालं. पुढे २०१२ मध्ये क्रिस्पर-कॅस९ हे डीएनए कापायचं आजचं साधन आलं, २०२० मध्ये त्याला नोबेल मिळालं. कॅस९ मध्येही डोमेनं आहेत. दोन धागे कापणारी दोन वेगळी, शिवाय तीन अक्षरांची ठरावीक खूण आधी सापडते का ते पाहणारं एक. जुळणी नीट झालेली नसेल तर कापणारा भाग जागेवर वळू न देणारीही रचना त्यात आहे. म्हणजे साधन आंधळं नाही. त्याला स्वतःची सावधगिरी आहे.

पण एक गोष्ट विसरायला होते. कॅस९ मुळात जिवाणूंचं. त्यांच्यात शिरलेल्या विषाणूंचा डीएनए तोडणं हे त्याचं काम. तुरीच्या किंवा भाताच्या पेशीत ते चालावं म्हणून आपण त्याला पेशीकेंद्रात नेणारा संकेत जोडतो. जेन-१ ला निसर्गानं बाहेर ठेवणारा संकेत दिला, आपण कॅस९ ला आत नेणारा देतो. दुभंगण्याच्या कुठल्या टप्प्यावर थांबायचं, याचं कसलंही बंधन त्याच्यावर नाही. वीस अक्षरांचा मार्गदर्शक घेऊन ते फिरतं, आणि तुरीचा जीनोम सुमारे ८३ कोटी अक्षरांचा आहे. एखाददोन अक्षरांचा फरक असलेली जागा त्यात निघणार नाही, असं कुणी गृहीत धरू नये. शिवाय कॅस९ फक्त कापतं. सांधायचं काम पेशीची स्वतःची यंत्रणा करते, आणि घाईत सांधताना ती कधी दोनचार अक्षरं गाळते, कधी घुसवते. संपादनाचा बहुतेक फायदा याच गाळण्यातून मिळतो. पण २०१८ मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवलं की अगदी बरोबर जागी कापल्यावरही कधी कधी हजारो अक्षरांचा तुकडा गळतो किंवा उलटापालटा होतो. तो अभ्यास प्राण्यांच्या पेशींवरचा होता, पिकांवरचा नव्हे. तरी त्यातून एवढं कळतं की 'बरोबर जागी कापलं' आणि 'बरोबर सांधलं गेलं' या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तपासायची तर मुद्दाम तपासावी लागते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गुरांचं आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीनं बिनशिंगी वासरं तयार केली, २०१६ मध्ये निकाल छापला, नको ते बदल आढळले नाहीत असं सांगितलं. त्यासाठी वापरलेल्या विकरात कापणारं डोमेन फॉक-१ चंच होतं. २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी त्याच वासरांची जीनोमची माहिती पुन्हा चाळली. काय निघालं? दुरुस्तीचा नमुना पेशीत नेण्यासाठी वापरलेला वाहक, म्हणजे जिवाणूचा डीएनए, स्वतःच गुणसूत्रात जाऊन बसला होता, प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जनुकांसकट. आणि तो बसला होता नेमक्या ठरलेल्या जागी. ज्यांनी बनवलं ते वाईट हेतूचे होते असं कुणी म्हटलं नाही. ते त्या दिशेनं शोधतच नव्हते. दुसऱ्या कुणालातरी शोधता आलं, याचं कारण जीनोमची मूळ माहिती सगळ्यांना उघड होती.

माझा मुद्दा या शेवटच्या वाक्याशी बांधलेला आहे.

आपल्या देशात ३० मार्च २०२२ च्या आदेशानं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं परकं जनुक नसलेल्या संपादित वनस्पतींना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतल्या कडक कलमांतून सूट दिली. शास्त्राच्या दृष्टीनं ती सूट मला चुकीची वाटत नाही. बीटी वाणाइतकी वर्षानुवर्षं फरपट या वाणांची व्हायला नको. अट एवढीच की वाणात बाहेरचा डीएनए उरलेला नसावा. ती अट पूर्ण झाली का, हे आधी पाहते ती ज्या संस्थेत वाण बनला तिथलीच जैवसुरक्षा समिती. तिच्यात सरकारनं नेमलेला सदस्य असतो, निर्णय वरच्या समितीला कळवला जातो, हे खरं. तरी दप्तर मुख्यतः घरचं, आणि बाहेरच्यानं चाळावं अशी सोय त्यात नाही. बिनशिंगी वासरांच्या बाबतीत चूक पकडली ती बाहेरच्या डोळ्यांनी.

औषधाच्या बाबतीत हाच देशोदेशीचा समाज किती सावध असतो, ते पाहा. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरचा पहिला क्रिस्पर उपचार, कॅसजेव्ही, २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. मंजुरीआधी तज्ज्ञांची समिती जाहीरपणे बसली, आणि तिच्यापुढचा मुख्य प्रश्न हाच होता की कॅस९ नं नको त्या जागी कापलं का, हे पुरेसं शोधलं आहे का. रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं जाणार आहे. त्याची किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे किनवटच्या आदिवासी पाड्यांवरच्या सिकलसेलच्या मुलांना त्याचा आज काडीचा उपयोग नाही, ही गोष्ट वेगळी आणि स्वतंत्र लेखाची आहे. माणसासाठी पंधरा वर्षं आणि पिकासाठी एक बंद दप्तर, हे अंतर जरा जास्तच आहे. पिकाला पंधरा वर्षं द्या असं माझं म्हणणं नाही. दप्तर उघडा, एवढंच आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो भक्कम आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं भुईमुगाचे कितीतरी वाण किरणोत्सर्गानं उत्परिवर्तन घडवून तयार केले. आपल्या लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्राच्या साथीनं निघालेला टीएलजी-४५ हा मोठ्या दाण्याचा भुईमूगही त्याच ट्रॉम्बे परंपरेतला. गॅमा किरणं डीएनए कुठं तोडतात याचा कुणाला पत्ता नसतो, हजार ठिकाणी तुटतं, कसंबसं सांधलं जातं, आणि तरी त्या वाणाकडे जीनोमचा हिशेब कुणी मागितला नाही. मग नेमक्या जागी कापणाऱ्यालाच जाब का? प्रश्न योग्य आहे. माझं उत्तर असं: किरणांनी बाहेरचं काही आत घातलं जात नव्हतं, आणि तेव्हा जीनोम वाचायचं साधनही नव्हतं. आज आहे. वाण शेतात चाचण्यांना लावण्यात जेवढा खर्च आणि जेवढे हंगाम जातात, त्यापुढे एका झाडाचा जीनोम वाचून घेणं हा खर्च म्हणावा असाही नाही. आणि पैदासकार पुन्हा पुन्हा संकर करून नको ते बदल गाळून टाकतात हे मान्य. गाळले गेले का, हे दाखवा, एवढीच मागणी.

बीटी कापसाचा अनुभव इथं आठवतो, फक्त उलट कारणासाठी. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपल्याकडचा कापूस खाल्ला, आणि 'परकं जनुक घातलं म्हणून असं झालं' अशी समजूत बरीच पसरली. तसं झालं नव्हतं. अळीनं बीटीची सवय करून घेतली, आणि ती करायला आपण वाव दिला. ४५० ग्रॅमच्या बीटीच्या पिशवीसोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं पाकीट यायचं, अळीला बीटीची सवय लागू नये म्हणून बांधाच्या कडेनं ते पेरायचं असायचं. किती जणांनी पेरलं? पुढे फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभा राखलेला कापूस, ठेवून ठेवून अळीला बारमाही खाद्य मिळालं. लगाम कागदावर होता आणि त्याकडे पाहायला कुणी नव्हतं. कंपनीनं पाकीट दिलं, सरकारनं नियम दिला, आणि शिवारात त्याची विचारपूस करणारी यंत्रणा उभीच राहिली नाही. दरम्यान, नांदेडच्या केंद्रातून निघालेला एनएचएच-४४ हा संकरित कापूस, जो एकेकाळी मराठवाड्याच्या शिवारात सर्रास दिसायचा, बीटीच्या लाटेत मागे पडला. सार्वजनिक संशोधन संस्था तंत्रज्ञानात मागे राहिली की तपासणीतही मागे राहते, आणि मग आपल्या वाट्याला उरतं ते दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवणं.

म्हणून मला वाटतं, या तंत्रावर बंदी मागणाऱ्या मोर्चांपेक्षा आणि ते खुलं करा म्हणणाऱ्या मेळाव्यांपेक्षा एक रुक्ष मागणी मराठवाड्यानं लावून धरावी. जीनोम संपादित वाण शेतकऱ्यासाठी अधिसूचित होण्याआधी त्याच्या जीनोमची पूर्ण माहिती, कापलेली जागा, नको त्या जागा शोधल्याचा तपशील आणि वाहकाचा अंश नसल्याचा पुरावा हे सगळं कुणालाही उतरवून घेता येईल असं ठेवावं. आणि ते चाळणारी एक माणसांची तुकडी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात असावी. जीनोम वाचायचं यंत्र विकत घ्यायलाच हवं असं नाही. वाचन बाहेरून करून आणता येतं, जीनोमचे आकडे संगणकावर तपासणारी माणसं मात्र आपली हवीत. ज्या विद्यापीठात शिक्षकांच्या रिकाम्या जागा वर्षानुवर्षं भरल्या जात नाहीत, तिथं हे मागणं अवाजवी वाटेल. पण जालन्यातल्या खासगी बियाणे उद्योगाकडे जनुकांच्या खुणा तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथं परभणीतूनच शिकून गेलेली मुलं काम करतात. शिकलेली माणसं या भागात आहेत, सार्वजनिक बाजूला ती नाहीत.

संपादित तूर कुणी, कधी आणील ते सांगता येणार नाही. वांझ रोगाला तोंड देणारी, लवकर येणारी तूर बदनापूरच्या केंद्रानं जुन्या पद्धतीनंही दिलेली आहे, आणि पुढचा वाण कदाचित तिथूनच निघेल. तसं झालं तर तपासणारेही आपलेच आणि बनवणारेही आपलेच, ही अडचण राहतेच. ती टाळायला राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांनी एकमेकांचे वाण तपासावेत: परभणीचा अकोल्यानं, राहुरीचा परभणीनं. दरवर्षी या चारही विद्यापीठांची संयुक्त बैठक बसते आणि वाणांच्या शिफारशी तिथंच पक्क्या होतात. शिफारशीच्या प्रस्तावात उत्पन्न, कीड-रोग, दाण्याचा आकार अशा सगळ्या नोंदी आजही असतात. त्याच प्रस्तावाला जीनोमच्या तपासणीचं एक पान जोडायला केंद्राच्या कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. येत्या बैठकीतही ते करता येईल.